थोरलीचं वय

"डोळे मिचकवा आजी, दोनदा," रेश्मा म्हणाली. नलूनं मोबाईलकडं बघून असे काही डोळे मिचकावले, की मारुतीच्या देवळात जमलेल्या सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. नलूही हसली. एकाहत्तर वर्षांची बाई, आणि बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. मी आपली कवळी जिभेनं सारखी केली आणि खांबाला टेकून बसले.

नलू म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी तोडकरांची थोरली सून, मालन. रेश्मा आमच्या तासगावातल्या आमच्या भागाची आशाताई. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना सरकारनं दवाखान्याचं कार्ड काढलं होतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट, आणि रेश्मा ते देवळात बसून काढून देत होती. आधार नंबर घालायचा, मोबाईलपुढं तोंड धरायचं, झालं.

"निघालं बघा तुमचं," रेश्मा नलूला म्हणाली. "आता थोरल्या आजी, या."

मी उठले. चार पावलं टाकली तर धाप लागली. रेश्मानं माझा नंबर घातला, मोबाईलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत मोबाईलकडं बघितलं.

"आजी, तुमचं नाही निघत. तुम्हाला अडुसष्टच आहेत की! अजून दोन वर्षं थांबा."

"अगंबाई, मालनबाई अजून तरण्याच आहेत की!" कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं, आणि देऊळ पुन्हा हसलं.

मला त्र्याहत्तर पुरी झाली होती. आणि दोन वर्षं थांबायला माझ्याकडं चार महिनेसुद्धा नव्हते.

पंधरा दिवसांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून सांगितलं होतं, हृदयाची झडप अरुंद झालीय, बदलावी लागेल, दिवाळीपर्यंत ढकलू नका. तिथं योजनेच्या खिडकीवर बसतो त्याला आरोग्यमित्र म्हणतात. त्यानं आमचं रेशनकार्ड बघितलं आणि मान हलवली. "आजी, घराला मिळून फुकट उपचारांची वर्षाची जी मर्यादा असते, ती तुमच्या मुलाच्या ऑपरेशनांत जवळपास संपली." माझा उत्तम उन्हाळ्यात मोटरसायकलवरून पडला होता. पायाची तीन ऑपरेशनं झाली, अजून तो कुबडीवर होता, कामधंदा बंद. "पण तुम्ही सत्तरीच्या वर असाल ना?" आरोग्यमित्र म्हणाला. "मग वेगळं कार्ड निघतं. ते फक्त म्हाताऱ्यांचं. घरातल्या इतरांच्या खर्चाचा त्याच्याशी संबंध नाही, उत्पन्नही कुणी विचारत नाही. ते आणा, बाकी मी बघतो." मी हो म्हटलं. पदरमोड करून ऑपरेशन करायचं तर घर विकावं लागलं असतं, आणि ते मी उत्तमला करू दिलं नसतं. म्हणजे कार्ड, नाहीतर राम म्हणायचं.

आणि कार्ड कुणाला मिळालं? नलूला! जिला साधी सर्दी होत नाही तिला! घरी येईस्तोवर ती ते कार्ड पदराखाली धरून चालत होती, माझ्या मागनं, दोन पावलं अंतर ठेवून. मला वाटलं, मेली मुद्दाम लपवतेय, म्हणजे मला ते जास्त दिसावं.

आता ते अडुसष्ट कुठनं आले, ते सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

मी नलूवर जळत आले ते ती लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासनं. सासूबाईंनी बोरमाळ तिच्या गळ्यात घातली, का तर "हिच्या गळ्याला शोभते." माझा गळा काय भोपळ्याचा होता? पोरं झाली तरी तिची कंबर होती तिथंच. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "ही तुमची धाकटी जाऊ का? लेकच वाटते!" मी हसायचे आणि आत जाऊन परातीतल्या कणकेला बुक्क्या मारायचे. एकदा बालवाडीत मदतनीस घेणार होते. नलूचं जवळजवळ नक्की झालं होतं, आणि तीन रात्री मला झोप नाही. ऐन वेळी तिनं अर्जच दिला नाही. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवशी मी शिरा केला.

मनाची समजूत एकच होती. ती धाकटी आहे, म्हणून तरुण दिसते. यात तिचं कर्तृत्व काय?

मग आधार कार्डं निघायला लागली. शाळेत रांग लागली. नलू माझ्या पुढं. कागद कुणाकडंच नव्हते, तोंडानं सांगायचं आणि ते लिहून घ्यायचे. फोटो काढणाऱ्यानं विचारलं, "जन्मसाल?" नलू म्हणाली, "चोपन्न." तो म्हणाला, "मावशी, खरं सांगा, चौसष्ट तरी असेल!" मागची रांग हसली. मग माझा नंबर. माझं खरं साल बावन्न. पण त्या हसण्यावर मला ते सांगवेना. तोंडातनं निघून गेलं, "सत्तावन्न."

नलूनं वळून बघितलं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी ते कार्ड बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे लग्नात तू तेरा वर्षांची होतीस? मला तुरुंगात घालतेस की काय?" सगळं घर हसलं, मीही हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठं ठाऊक होतं. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, नलूचा नवरा, आमचे महादेव भाऊजी, तेही गेले. माझ्या कार्डावर सत्तावन्न तसंच राहिलं.

देवळातनं आले त्या संध्याकाळी मी उत्तमला काही सांगितलं नाही. भाकरी थापायला बसले. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एक भिंत, वाटणीत घातलेली, वर हातभर मोकळी. पलीकडनं नलूच्या फोडणीचा वास येत होता. तेवढ्यात ती मागच्या दारानं आली.

"आक्का, रेश्माला विचारलं मी. आधारवरची तारीख बदलता येते. एकदाच येते, पण येते. पुरावा पाहिजे."

"माझा पुरावा चिंचणीच्या मसणात गेला. आई-बाप दोघंही."

"शाळेचा दाखला चालतो."

"दुसरी शिकलेल्या बाईचा कसला दाखला! आमचा दादा म्हणायचा, जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली."

"नाही खाल्ली," नलू म्हणाली. "आहेत. पत्र्याच्या पेटीत आहेत."

"तुला काय ठाऊक?"

"आहेत म्हणते ना. उद्या जाऊ या."

चिंचणी म्हणजे माझं माहेर. नलूचं ते आजोळ. लहानपणी मामाकडं राहून ती तिथंच शिकली होती, पण मला काही ती शाळेत आठवत नव्हती. मला वाटायचं, मी दुसरीत शाळा सोडल्यावर आली असेल. तिचं स्थळ महादेव भाऊजींना माझ्याच आप्पांनी सुचवलेलं. म्हणजे ही पीडा माझ्या बापानंच माझ्या गळ्यात बांधली, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते.

"तू कशाला येतेस?" मी म्हटलं. "माझं वय कागदावर बघायला? बघून काय, वाजतगाजत गावात सांगणारेस?"

"तुम्हाला एकटीला एस.टी. चढवणार नाही." एवढंच म्हणाली आणि माझ्या तव्यावरची करपणारी भाकरी उलटून गेली.

सकाळी निघालो. एस.टी.त तिनं मला खिडकी दिली. मी तोंड बाहेर करून बसले. सत्तावन्नचे बावन्न होणार, आणि ते हिच्यासमोर होणार, याचंच मला झडपेपेक्षा जास्त लागलं होतं. मरणाच्या दारात उभी होते, आणि ही अक्कल! जित्याची खोड, दुसरं काय.

शाळेत मगदूम सर म्हणून मुख्याध्यापक होते, भला माणूस. माझी अवस्था बघून त्यांनी आधी पाणी दिलं, मग शिपायाला सांगून पत्र्याची पेटी काढली. आत रजिस्टरं होती, लाल फडक्यात बांधलेली. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण मधलं सगळं धड होतं. मी नलूकडं बघितलं. ती खाली फरशीकडं बघत होती.

"कुठलं साल?" सरांनी विचारलं.

"अठ्ठावन्नपासनं बघा," नलू पटकन म्हणाली. "त्याच्या आधीचं बघायला नको. उगाच वेळ जाईल."

"अहो, एकाच रजिस्टरात आहे सगळं, पहिल्यापासनंच बघू. मुलींची नावं लाल शाईनं लिहिलीत, सापडायला सोपी." सरांनी चष्मा लावला आणि बोट फिरवायला सुरुवात केली. पानापानावर काळी नावं, मध्येच एखादं लाल. "सोनाबाई... पार्वती... हं... नलिनी दत्तोबा मोहिते... अनसूया..."

"थांबा," मी म्हटलं.

"हे तुमचं?"

"नाही. पण थांबा. काय वाचलं?"

"नलिनी दत्तोबा मोहिते. पालक, मामा. जन्म बारा फेब्रुवारी अठ्ठेचाळीस. चौथी पास, शाळा सोडली."

नलूचं माहेरचं नाव मोहिते. तिच्या वडलांचं नाव दत्तोबा. मी नलूकडं बघितलं. ती अजून फरशीकडंच बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

सरांचं बोट पुढं सरकलं. आणखी सहा पानांनी माझं नाव आलं. मालन बाळू शिंदे, जन्म चार मे बावन्न. सर म्हणाले, "मिळालं, आजी! दाखला लिहून देतो, अर्धा तास बसा." मी मान हलवली. माझा जीव वाचला होता, आणि माझं तिकडं लक्षच नव्हतं.

बाहेर पायरीवर बसलो. पोरं कवायत करत होती.

"अठ्ठेचाळीस?" मी म्हटलं.

"व्हय."

"म्हणजे तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी?"

"व्हय."

"आणि महादेव भाऊजींहून?"

"दोन वर्षांनी." तिनं पदर डोक्यावर ओढला. "माझं लग्न जमत नव्हतं, आक्का. वडील नव्हते, हुंडा नव्हता, वय चाललं होतं. तुमचे आप्पा मामाला म्हणाले, पोरगी चांगली आहे, सालाचं मी बघतो. सहा वर्षं कमी सांगितली. मला म्हणाले, पोरी, कुणाला कळू देऊ नको. मालनला तर अजिबात नको, ती घर डोक्यावर घेईल. तू तिच्या पायां पडत जा, तिचा मान ठेव, म्हणजे कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही."

"माझ्या बापानं! माझ्या सख्ख्या बापानं!"

"हळू बोला, छातीला लागेल."

"लागू दे! आणि ती बालवाडीची नोकरी?"

"दाखला मागत होते. आले होते इथं, काढलाही. त्यावर अठ्ठेचाळीस. घरी कसा नेणार? एस.टी.त बसून फाडला." तिनं फाडल्यासारखे हात केले. "तेव्हाच बघितली होती पेटी."

मला शिरा आठवला.

खोटं कशाला बोलू, मनात पहिल्यांदा माया बिया काही आली नाही. अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षं मी मनाची समजूत घालत होते, की ती धाकटी आहे म्हणून तरुण दिसते. आणि ती थोरली निघाली! सत्त्याहत्तर वर्षांची बाई, आणि ते दात! तो गळा! माझ्याहून चार वर्षांनी मोठी असून लोक तिला माझी लेक म्हणत होते! आता मी समजूत कशी घालू?

"मग आज कशाला आलीस?" मी म्हटलं. "मी एकटी आले असते. तुझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं."

"तुम्ही? दादानं वाळवी म्हटली होती की नाही? शिपायानं एकदा 'नाही' म्हटलं असतं की तुम्ही रागानं उठून परत आला असता. पन्नास वर्षं ओळखते मी तुम्हाला." मग ती जरा हसली. "आणि आता काय, लग्न मोडणारं कोण राहिलंय?"

"मी आहे की. मी सांगेन गावाला."

"सांगा," नलू म्हणाली. "पण आधी ऑपरेशन करून घ्या."

मगदूम सरांनी दाखला हातात दिला. परतीच्या एस.टी.त मी तिला खिडकी दिली. तिनं नको म्हटलं, मी म्हटलं, "गप बस." ती बसली.

मग दाखला, लग्नानंतर नाव बदलल्याचे कागद, आधारच्या केंद्रावर तीन खेपा, तिथल्या मशीनवर माझे बोटांचे ठसे उठेनात म्हणून आणखी एक खेप. प्रत्येक खेपेला नलू. एकदा रांगेत मी दमून खाली बसले, तर ती माझ्या जागी दीड तास उभी राहिली. सत्त्याहत्तर वर्षांची. एकदाही भिंतीला टेकली नाही. मी खालनं बघत होते आणि मला सारखं वाटत होतं, हिला पाय तरी दुखू देत रे देवा, थोडे तरी.

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात रेश्मा घरी आली. "डोळे मिचकवा, आजी." मी मिचकावले. कार्ड निघालं. गणपती गेल्यावर मिरजेला दाखल झाले. त्या खिडकीवरच्या आरोग्यमित्रानं माझे कागद भरून घेतले आणि नलूकडं वळला. "सोबत कोण? नाव सांगा. नातं? वय?"

"जाऊ," नलू म्हणाली. "धाकटी. एकाहत्तर."

मी खुर्चीत बसले होते. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. नलूनं माझ्याकडं बघितलं, नुसतंच बघितलं. उत्तम बाजूलाच कुबडी घेऊन उभा होता.

"हो," मी म्हटलं. "धाकटी आहे माझी."

ऑपरेशन झालं. झडप बसली. घरी आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही.

दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला धाकट्यांनी थोरल्यांना सोनं द्यायचं, आपट्याची पानं, आणि पाया पडायचं. नलूनं एक दसरा चुकवला नव्हता. त्या संध्याकाळीही ती मागच्या दारानं आली, हातात पानं, आणि माझ्या पायांशी वाकायला लागली.

"थांब," मी म्हटलं. मी दोन्ही दारं लोटून घेतली, पुढचं आणि मागचं. पानं तिच्या हातातनं काढून घेतली आणि भिंतीला धरून वाकायला लागले.

"अहो आक्का! काय करताय! टाके!"

"वयानं मोठी ना तू? मग गप उभी राहा."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले..."

"डॉक्टरला आत्ता बोलावू नकोस, दार लावलंय." मी तिच्या पायांना हात लावला. पोहोचायला वेळ लागला. पायांना भेगा होत्या. ते बघून मला बरं वाटलं आणि लगेच रडू आलं, दोन्ही एकदम.

ती माझे खांदे धरून मला वर उठवत होती. "शंभर वर्षं जगा," म्हणाली.

"जगा काय? जग म्हण."

तिला ते म्हणवेना. ओठ हलले, मग म्हणाली, "शंभर वर्षं जग, मालन."

"आणि तू किती जगणार?"

"मी एकशे चार," नलू म्हणाली आणि हसली, बत्तीसच्या बत्तीस दात.

"मेली! इथंही पुढंच!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसत बसलो. उत्तमनं पुढनं दार वाजवलं तेव्हा कुठं गप्प झालो.

एकशे चार कसली. ऐंशी पुरी केली, आणि एका सकाळी भाकरीचं पीठ मळायला घेतलं ते तसंच राहिलं. तिच्या कार्डाला एकदाही हात लागला नाही, जसं निघालं तसंच गेलं. गावात सगळे म्हणाले, चौऱ्याहत्तर म्हणजे काही फार वय नव्हतं. मी हो म्हटलं.

यंदा मी एक्याऐंशीची झाले. आता खरोखरच तिच्याहून मोठी. जिच्यावर जन्मभर जळले, तिचं थोरलेपण शेवटी माझ्याकडं आलं, आणि दसऱ्याला मागचं दार काही वाजत नाही. गेल्या आठवड्यात तपासणीला मिरजेला गेले होते. खिडकीवर नवीन पोरगी होती. कार्ड समोर पडलेलं, तरी सवयीनं विचारलं, "वय किती, आजी?"

"एकोणऐंशी," मी म्हटलं.

"अहो, कार्डावर एक्याऐंशी आहेत की."

"असू देत," मी म्हटलं. "तू एकोणऐंशीच लिही. थोरली ती आहे."